होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांचे कागद : एक परीक्षण

गेल्या चातुर्मासातल्या बैठकीला आमचे एक ज्येष्ठ सभासद एक पुस्तिका घेऊन आले. झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या, इंग्रजी मजकुराच्या ओळींमध्ये पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. नावाचा अर्थ असा : साठ लाख खरोखरच मेले का? चहाच्या वेळी ती हातोहात फिरली. सभासद म्हणाले, "यावर आपल्या संग्रहात एक निबंध घ्यावा. जेत्यांनी लिहिलेला इतिहास आपण किती दिवस वाचायचा? दुसरी बाजूही येऊ दे." दोघातिघांनी माना डोलावल्या. कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते पडायला एक कारण होतं, ते पुढे सांगतो. ते फारसं अभिमानाचं नाही.

आधी एक गोष्ट मान्य करतो. "दडपलेला इतिहास" हा शब्द ऐकला की आपण मराठी माणसं कान टवकारतो. मी पण. आपल्याकडे खरोखरच पुष्कळ काही दडपलं गेलं, दप्तरं जळाली, रुमाल वाळवीने खाल्ले, त्यामुळे हे कुतूहल वाईट नाही. पण वडोदऱ्यात बसून इतिहासाचा नाद करणाऱ्याला एक वारसाही आहे. रियासतकार सरदेसाई इथेच सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. राजवाड्यांनी बखरींवर विसंबू नका, अस्सल समकालीन कागद काढा, असं ओरडून सांगितलं. आमच्या मंडळात मोडीचा वर्ग घेताना मी पहिल्याच दिवशी विचारायला शिकवतो : कागद कुणाचा, कधीचा, कुणाच्या ताब्यातून आला, आणि ही अस्सल आहे की नक्कल? तेच प्रश्न या पुस्तिकेला विचारायचे, एवढंच मी ठरवलं.

पहिलाच प्रश्न अडला. पुस्तिका १९७४ ची, लेखक रिचर्ड हारवुड. आत लिहिलंय की हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाचे जाणकार असून लंडन विद्यापीठात आहेत. प्रत्यक्षात हारवुड नावाचा असा कोणी तिथे नव्हताच. लिहिणारा होता रिचर्ड वेरॉल, ब्रिटनमधल्या नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचा कार्यकर्ता. आता टोपणनाव घेणं हा गुन्हा नव्हे, आपल्याकडे तर अर्धं वाङ्मय टोपणनावाने झालंय. पण टोपणनावाला विद्यापीठाची खुर्ची चिकटवली की ते टोपणनाव राहत नाही, बनावट शिक्का होतो. सनदेवर दुसऱ्याचा शिक्का मारण्यातलाच प्रकार.

आतल्या मजकुरात रेडक्रॉसच्या युद्धोत्तर अहवालाचा आधार वारंवार घेतलाय. अर्थ असा की बघा, रेडक्रॉससारख्या तटस्थ संस्थेलाही संहार दिसला नाही. रेडक्रॉसने असा निष्कर्ष आपण कधी काढलेलाच नाही असं स्पष्ट केलं. मुळात ज्या अहवालाचे तुकडे दिलेत त्याच अहवालात ज्यूंच्या पद्धतशीर संहाराचा उल्लेख आहे. तेवढं वाक्य पुस्तिकेत आलेलं नाही. एखाद्या महजरातली आपल्या बाजूची साक्ष उतरवून घ्यायची आणि खालचा निवाडा फाडून टाकायचा, असं झालं हे.

या पुस्तिकेच्या पाठीमागे उभी राहिलेली मोठी संस्था म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७८ साली निघालेली 'इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू'. नाव कसं भारदस्त! १९८० पासून तिचं नियतकालिक निघू लागलं, तळटीपा, ग्रंथपरीक्षणं, वार्षिक परिषदा, सगळा सरंजाम. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखंच काहीतरी असेल. पण काढणारा विलिस कार्टो हा इतिहासकार नव्हता, तो अनेक वर्षं अमेरिकेतल्या अतिउजव्या, ज्यूद्वेष्ट्या राजकारणाचा सूत्रधार होता. संस्थेचा पहिला संचालक खोट्या नावाने कारभार करत होता. पुढे १९९३ मध्ये कार्टोलाच त्याच्या माणसांनी बाहेर काढलं आणि भांडण पैशापर्यंत गेलं. ते सोडून देऊ, पैशाची भांडणं सज्जन मंडळांतही होतात.

खरी कसोटी त्या संस्थेने स्वतःच लावून घेतली होती. ऑशवित्झमध्ये गॅस चेंबरमध्ये ज्यूंना मारलं हे सिद्ध करणाऱ्याला ५०,००० डॉलर बक्षीस, अशी जाहिरात केली. पुरावा पटला की नाही हे ठरवणार कोण, तर संस्थेनेच नेमलेले लोक. कोणी येणार नाही अशी खात्री असावी. पण मेल मर्मेलस्टीन नावाचा माणूस आला. १९४४ साली त्याची आई आणि बहिणी ऑशवित्झमध्ये गॅस चेंबरकडे नेल्या जाताना त्याने पाहिल्या होत्या. त्याने प्रतिज्ञापत्र दिलं, संस्थेने टाळाटाळ केली, तो कोर्टात गेला. ९ ऑक्टोबर १९८१ ला लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं की १९४४ च्या उन्हाळ्यात ऑशवित्झमध्ये ज्यूंना गॅसने मारण्यात आलं ही गोष्ट कोर्ट निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून गृहीत धरते, वेगळा पुरावा लागत नाही. १९८५ मध्ये तडजोड झाली. संस्थेने ९०,००० डॉलर दिले आणि माफीचं पत्र लिहून दिलं. एवढं झाल्यावर खरा संशोधक काय करेल? निदान एक पाऊल मागे घेईल. नियतकालिक त्यानंतरही त्याच सुरात २००२ पर्यंत चालू राहिलं.

आमच्या सभासदांचा खरा भर मात्र विज्ञानावर होता. "अहो, भिंतींचे तुकडे प्रयोगशाळेत तपासलेत!" म्हणजे फ्रेड लॉइख्टरचा १९८८ चा अहवाल. टोरोंटोत एका प्रकाशकावर हीच पुस्तिका छापल्याबद्दल खटला चालू होता, त्याच्या बचावासाठी हा अहवाल तयार झाला. लॉइख्टर इंजिनियर म्हणून पुढे आला, पदवी होती बी.ए., विषय इतिहास. कोर्टाने त्याचा अहवाल तज्ज्ञाचा पुरावा म्हणून घेतला नाही. त्याने भिंतींचे जाडजूड ढलपे खरवडून आणले आणि ते कशाचे आहेत हे न सांगता प्रयोगशाळेला दिले. सायनाइड भिंतीच्या अगदी वरच्या, केसाहून पातळ थरात मुरतं. प्रयोगशाळेने सगळा ढलपा कुटून तपासला, म्हणजे चिमूटभर हळद पातेलंभर पाण्यात घालून "हळद नाहीच" म्हणण्यासारखं. तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने पुढे स्वतःच हे सांगितलं. शिवाय उवा मारायला माणूस मारण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ तो वायू लागतो, त्यामुळे कपडे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांत अवशेष जास्त सापडणार, हे उघड आहे. क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने नीट पद्धतीने नमुने घेतले तेव्हा गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइडचे अंश सापडले. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं.

आता डेव्हिड अर्व्हिंग. इथे मला थांबायला हवं, कारण हा बाकीच्यांसारखा नव्हता. त्याला उत्तम जर्मन येत असे. तो खरोखर दप्तरखान्यांत बसे, जुन्या नाझी अधिकाऱ्यांच्या घरी जाऊन कागद काढी. त्याची पुस्तकं मोठ्या प्रकाशकांनी काढली, चांगल्या चांगल्या लोकांनी वाखाणली. आणि मीही. १९८७ साली मी याच मंडळात 'दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेक' असा निबंध वाचला होता. त्यात लिहिलं होतं की फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहरात दोन रात्रींत १,३५,००० माणसं मेली. आधार : अर्व्हिंगचं १९६३ चं पुस्तक. निबंध आमच्या वार्षिक अंकात छापला गेला आणि त्याचं कौतुकही झालं. कार्यवाहांनी माझ्याकडे का पाहिलं ते आता कळलं असेल.

अर्व्हिंगने १९९६ मध्ये अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट आणि पेंग्विन प्रकाशनावर बदनामीचा दावा लावला. तिने त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं होतं. इंग्लंडचा कायदा असा की आरोप खरा आहे हे प्रतिवादीनेच सिद्ध करायचं. मग केंब्रिजचे रिचर्ड इव्हान्स आणि त्यांचे दोन संशोधक विद्यार्थी यांनी अर्व्हिंगच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. या कामाला दोन वर्षांच्या आसपास गेली आणि अहवाल सातशेच्या वर पानांचा झाला. हे काम मला फार जवळचं वाटतं. मतावर भांडायचं नाही, नक्कल अस्सलशी लावून पाहायची.

एक नमुना सांगतो, मोडी वाचणाऱ्याला तो लगेच कळेल. हिमलर फोनवरच्या बोलण्याच्या त्रोटक नोंदी हाताने लिहून ठेवी. ३० नोव्हेंबर १९४१ ची नोंद अशी : बर्लिनहून ज्यूंची गाडी, ठार करू नये. अर्व्हिंगने यावरून काढलं की हिटलरच्या मुख्यालयातून ज्यूंना मारू नका असा सरसकट हुकूम सुटला. नोंदीत गाडी एकवचनी आहे. एका गाडीबद्दलचं ते बोलणं होतं, आणि त्या गाडीतल्या सुमारे हजार माणसांना त्याच सकाळी रिगाजवळच्या रुंबुला रानात गोळ्या घालून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवसाची नोंद आणखी बोलकी आहे. एस.एस.च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी 'राहायचे आहे', म्हणजे जर्मनमध्ये 'हाबेन' असा शब्द. अर्व्हिंगने तो 'यूडन' वाचला, म्हणजे ज्यू. झालं वाक्य : ज्यूंनी आहेत तिथेच राहायचं. पुढे त्याने कबूल केलं की वाचनात चूक झाली.

आता वाचनात चूक कोणाची होत नाही? मोडीत एक फाटा इकडचा तिकडे झाला की कर्ज फिटल्याचं कर्ज घेतल्याचं होतं. मी स्वतः एका देवस्थानच्या कागदात 'तूप' ऐवजी 'तोफ' वाचून पंधरा दिवस देवळाला तोफखाना लावून दिला होता. पण तेव्हा मला सावध करायला हवं होतं ते संदर्भाने : देवळाच्या नैवेद्याच्या यादीत तोफ कशी? हिमलरने तो फोन केला होता पोलला, एस.एस.चा कारभार आणि जमाखर्च सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला. अधिकाऱ्यांच्या बोलण्यात अधिकारी येणार, हे दिसायला हवं होतं. आणि प्रश्न एका चुकीचा नव्हताच. न्यायमूर्ती ग्रे यांनी ११ एप्रिल २००० ला निकाल दिला, त्याचा गाभा असा होता की अर्व्हिंगच्या चुका सगळ्या एकाच दिशेला झुकतात. निष्काळजी माणसाच्या चुका चहूकडे सांडलेल्या असतात, कधी त्याच्या बाजूने, कधी त्याच्या विरुद्ध. इथे प्रत्येक चूक हिटलरच्या पदरात पडत होती. दुकानातला कारकून हिशोबात नेहमी चुकतो म्हणून मालक सोडून देईल, पण दर वेळी त्याच्याच खिशाच्या बाजूने चुकत असेल तर?

माझ्या ड्रेस्डेनच्या आकड्याचं मूळही याच खटल्यात उघडं पडलं. पोलिसांचा एक अंतर्गत हुकूमनामा होता, त्याच्या खऱ्या प्रतीत त्या तारखेपर्यंतचे मृत २०,२०४ आणि एकूण आकडा २५,००० पर्यंत जाईल असा अंदाज. नाझी प्रचारखात्याच्या काळातच त्याची बनावट आवृत्ती फिरली : २,०२,०४० आणि २,५०,०००. दोन्ही आकड्यांपुढे एकेक शून्य. अर्व्हिंगने १९६३ मध्ये स्वतःच तो कागद बनावट म्हटला होता. मग टंकलिखित नकलेची नक्कल हाती आली, ना सही ना शिक्का, आणि १९६६ च्या आवृत्तीत तो कागद परिशिष्टात दिमाखाने छापला. त्याच वर्षी पोलिसांचा खरा अहवाल समोर आला, त्याने 'टाइम्स'ला पत्र लिहून तो मान्यही केला, आणि पुढे पुन्हा भाषणांतून लाखाच्या वरचे आकडे सांगत राहिला. ड्रेस्डेनने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० हा आकडा नक्की केला. पंचवीस हजार माणसं जळून मरणं हे लहान दुःख आहे का? पण लाखाचा आकडा हवा होता, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ऑशवित्झ होतं.

आपल्या पेढीवाल्यांना ही शून्याची खोड ठाऊक होती. हुंडीत रुपये हजार लिहिले की पुढे लिहायचं : निमे पाचशे, त्याचे दुप्पट. अंक, अक्षर आणि निमे, तिन्हीत हात घालावा लागला तरच लबाडी जमते. सरकारी पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवायचं तेही खाली कोणी ओळ वाढवू नये म्हणूनच.

सभासद म्हणाले, "म्हणजे तुमचे इतिहासकार कधी आकडे दुरुस्त करत नाहीत?" करतात ना! ते कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी १९४३ ची हॉफ्ले नावाच्या एस.एस. अधिकाऱ्याची तार इंग्रजांनी हवेतून पकडून उलगडली होती, पण तिचा अर्थ कोणाला लागला नव्हता. दप्तरात पडून राहिलेली ती तार २००१ मध्ये अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. चार छावण्यांची आद्याक्षरं आणि १९४२ अखेरचे आकडे : २४,७३३, ४,३४,५०८, १,०१,३७०, ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. बेरीज करून पाहा, जुळत नाही. चौथा आकडा, त्रेब्लिंकाचा, ७१,३५५ नव्हे तर ७,१३,५५५ असेल तरच जुळते. एक पाच गळलाय. अभ्यासकांनी हे लपवलं नाही, गळलेला अंक कुठला आणि का, ते उघड लिहिलं. आणि हीच १२,७४,१६६ ची बेरीज हिमलरसाठी कोर्हेर या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये केलेल्या अहवालात आधीपासून होती. त्या अहवालात ज्यूंना 'विशेष वागणूक' दिल्याचा शब्द होता, तो काढून 'छावण्यांतून पार केले' असं लिहा, अशी सूचना हिमलरकडून गेली होती. दोन कागद, दोन वेगळ्या वाटांनी आलेले, आणि शेवटच्या अंकापर्यंत जुळणारे. नकारवाद्यांच्या नियतकालिकाच्या सगळ्या वर्षांत मला याच्या तोडीचा एक कागद दाखवा.

दुसरं उदाहरण सभासदांनीच दिलं : ऑशवित्झच्या फलकावर ४० लाख होते, ते उतरवले, मग साठ लाखांतूनही तेवढे वजा करा! फलक सोव्हिएत आकड्याचा होता आणि १९९० मध्ये काढला हे खरं. तिथल्याच संग्रहालयाचे इतिहासकार पिपर यांनी गाड्यांच्या नोंदींवरून सुमारे ११ लाख मृत, त्यांतले जवळजवळ १० लाख ज्यू, असा हिशोब केला. पण राउल हिलबर्गने १९६१ सालच्या ग्रंथात ऑशवित्झचे दहा लाखच धरले होते आणि एकूण बेरीज ५१ लाख काढली होती. ज्या बेरजेत ४० लाख कधी नव्हतेच त्यातून वजा काय करणार?

कोणी म्हणेल, आपल्याला वडोदऱ्यात बसून या लांबच्या भानगडी कशाला. सयाजीबागेतल्या संग्रहालयात आपण नातवंडांना घेऊन जातो. १९३४ पासून १९३९ पर्यंत त्याची व्यवस्था अर्न्स्ट कोन-वीनर या जर्मन ज्यू कलेतिहासकाराकडे होती. १९३३ मध्ये नाझींनी त्याला कामावरून काढलं म्हणून तो देश सोडून निघाला आणि महाराजांच्या पदरी आला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला वारला. तो बाहेर पडला म्हणून वाचला. हारवुडच्या पुस्तिकेप्रमाणे पाहिलं तर त्याला पळायचं काही कारणच नव्हतं.

'दुसरी बाजू' मांडण्याबद्दल माझं मत मी बैठकीत सांगितलं. पाटलाच्या वतनाच्या वादात दोन्ही वादी आपापले कागद आणतात, दोन्ही ऐकायचे. पण एकाच्या कागदावरचा शिक्का खोटा, साक्ष तोडलेली आणि आकडा वाढवलेला निघाला, तर गोतसभा त्याला अर्धा गाव देत नाही. यांची तोंडं कायद्याने बंद करावीत असं मात्र मी म्हणत नाही. ऑस्ट्रियाने २००६ मध्ये अर्व्हिंगला तीन वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा खुद्द लिपस्टॅटनेच त्याला विरोध केला होता. पुस्तिका मंडळाच्या कपाटात ठेवायला माझी हरकत नाही, वर "बनावट लेखकनाम" अशी चिठ्ठी लावून. निबंध मात्र घेऊ नये.

सभासद काही वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, आणि रास्त विचारलं : "मग तुमचा १९८७ चा निबंध कपाटात तसाच का?" मी अंक काढायला उठलो, तर त्यांनीच तो काढला, चष्मा लावून पान शोधलं आणि १,३५,००० वर बोट ठेवलं. आता त्या पानावर एक चिठ्ठी डकवली आहे : 'हा आकडा चुकीचा आहे. २०१० च्या समितीप्रमाणे जास्तीत जास्त २५,०००. लेखकाने आधार न तपासता घेतला.' खाली माझी सही आहे, आणि साक्षीदार म्हणून त्यांची.